तिच्या वाटचं रडणं

"डॉक्टर, मोठ्यानं रडलं तर चालेल का?" मेसेज रेणुकाचा होता. त्याखाली दुसरा: "बाबा गेले."

मी तळेगावात कान-नाक-घशाची डॉक्टर. जवळच्या इंदुरी गावची रेणुका ऑपेरा शिकत होती. ऑपेरा म्हणजे पाश्चात्त्यांचं संगीत नाटक. तिथे माईक नसतो. एवढ्या मोठ्या वाद्यवृंदातून आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा. पोरगी वर्षानुवर्षं जीव ओतून शिकली. परदेशातल्या एका संस्थेची शेवटची ऑडिशन तोंडावर आली आणि अति रियाजानं तिच्या गळ्यातल्या स्वरतंतूत रक्त साकळलं. मी व्हॉइस रेस्ट दिली. म्हणजे नुसतं गाणं बंद नव्हे. बोलणं, खाकरणं, कुजबुजणंसुद्धा बंद. हंबरडा फोडला असता तर तंतूवर कायमचा व्रण राहण्याची भीती होती.

बाबांचं दुखणं जुनं होतं म्हणे. मला ते ठाऊकच नव्हतं.

"नाही," एवढंच मी लिहिलं. लिहिताना स्वतःचाच राग आला.

थोड्या वेळानं तिच्या आईचा फोन. मागे बायकांचा आकांत चालला होता.

"डॉक्टरबाई, पोरगी नुसती खांबागत बसलीय. बाया बोलाय लागल्यात, बाप गेला तरी लेकीच्या तोंडातनं हूं का चूं न्हाई म्हणून."

आमच्या भागात लेक मोठ्यानं रडली नाही, तर तिला माया नव्हती असंच धरतात. मी मावशींना सगळं समजावून सांगितलं. काही लपवलं नाही.

"मंजी गळा जाईल तिचा?"

"जाऊ शकतो, मावशी."

त्यांनी फोन तसाच हातात धरला. मग बायकांशी बोललेलं मला ऐकू आलं.

"तिला कुनी काय बोलायचं न्हाई. त्यांनीच शिकाय घातलीय तिला. तिच्या वाटचं बी मीच रडते."

आणि त्या रडल्या. फोन बंद करायचं त्यांना सुचलं नाही. मीही केला नाही. बाहेर पेशंट खोळंबले होते.

स्वरतंतू भरून आला. ऑडिशन झाली, निवडही झाली. निघण्याआधी रेणुका शेवटच्या तपासणीला आली.

"आता रडलं तर चालेल?"

"अगदी खुशाल."

ती म्हणाली, "आता येतच नाही हो."

हल्ली व्हॉइस रेस्ट देताना मी चहा-तिखटाचं पथ्य नंतर सांगते. आधी विचारते, घरी कुणी आजारी आहे का. असेल तर घरच्यांनाही बोलावून घेते.