२१४ नंबरचा खण

पौडच्या मेडिकलात बावीस वर्षं गोळ्या दिलेल्या जनार्दनभाऊंचा सगळा रुबाब एका गोष्टीवर होता: ‘माहीत नाही’ हे शब्द त्यांच्या तोंडून कधी कुणी ऐकले नव्हते.

२००६ साली भूगावात आरोग्य संशोधनाचं एक ऑफिस उघडलं. मुळशी खोऱ्यात लोक कुठली औषधं घेतात, हे दुकानांच्या बिलांवरून शोधायचं होतं. पण प्रत्येक दुकानाचे कोड निराळे. तीच गोळी एकाकडे ५७, तर दुसऱ्याकडे ३१०. तेव्हा कोडामागचं मूळ औषध ओळखायचं आणि त्यापुढे सगळीकडे चालणारा प्रमाण क्रमांक लिहायचा, असं ते काम. त्यासाठी जनार्दनभाऊंना मानानं बोलावलं.

ऑफिस सांभाळणारी क्षितिजा परभणीकडची, वयानं त्यांच्या लेकीएवढी. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, “काका, दुकानात जाऊन पाकीट बघितल्याशिवाय क्रमांक लिहायचा नाही. शंका आली तर रकाना कोरा सोडा.”

जनार्दनभाऊ गालात हसले. आपल्याच दुकानाचे कोड बघायला आपण जायचं? चारशे कोड त्यांनी खुर्चीवर बसल्या बसल्या, चहा पीत, तीन दिवसांत उडवले. एकही रकाना कोरा नाही. वर झोकदार सही.

महिनाभरानं बिलांवरून निघालं, की मुळशीजवळच्या एका वस्तीत एकतीस माणसं फिटच्या गोळ्या घेतात. एवढ्याशा वस्तीत एकतीस! क्षितिजा दोन डॉक्टर घेऊन तिथं घरोघर विचारत फिरली. फिट कुणालाच येत नव्हती. पण विचारलेलं चार गावांत पसरलं, आणि नेमकी त्याच वस्तीतल्या रत्नाबाईच्या लेकीची, रेश्माची सुपारी फुटून पंधरा दिवस झालेले. मारुंजीहून मुलाकडचा निरोप आला, “तुमच्यात फेफरं हाय म्हणत्यात. आमी जरा थांबतो.”

क्षितिजानं दुकानातून २१४ नंबरचं पाकीट आणून जनार्दनभाऊंपुढं ठेवलं. त्या नंबरापुढं त्यांनी फिटची गोळी लिहिली होती. पाकीट ब्लड प्रेशरच्या गोळीचं होतं.

“काका, हे तुम्ही पाहिलं होतं ना?”

“पाहिलं होतं की,” ते म्हणाले आणि म्हणता म्हणता त्यांना आठवलं. दुकानातला कोड म्हणजे मुळात खणाचा नंबर. फिटची ती गोळी यायची बंद झाली, तेव्हा रिकाम्या खणात प्रेशरची गोळी टाकली ती त्यांनीच. नवा कोड द्यायचा कंटाळा केला तोही त्यांनीच. कानशिलं तापली, पण गृहस्थानं पाकीट नुसतं तिच्याकडं परत सारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रत्नाबाई दारात हजर. “कंपाउंडरभाऊ, मारुंजीला चला. माझी प्रेशरची गोळी तुमीच देत आलाय. तुमचा शब्द कोण मोडणार न्हाई.”

ते गेले. मुलाचे वडील कुशाबा यांच्यासमोर बसून म्हणाले, “पाव्हणं, रत्नाबाईच्या घरात फिट न्हाई, मी सांगतो. त्या ऑफिसातल्या पोरीनं घोळ घातलाय. तिला गोळीतलं काय कळतंय?”

पहिलं वाक्यच पुरेसं होतं. पोरीवर खापर फोडायची काही गरज नव्हती. पण ते तोंडून निघून गेलं, आणि निघाल्यावर त्यांना चक्क बरं वाटलं. त्या बरं वाटण्याचीच त्यांना पुढं सगळ्यांत जास्त लाज वाटली.

सोयरीक सावरली. दोन दिवसांनी रत्नाबाई तरातरा भूगावच्या ऑफिसात शिरली. “माझ्या लेकीचं वाटोळं करत व्हतीस, भवाने!” तिथून सुरुवात करून तिनं क्षितिजाला जे झाडलं, ते ऐकून शिपाईसुद्धा बाहेर गेला. रत्नाबाईच्या पाठीमागच्या टेबलाशी जनार्दनभाऊ तोंडापुढं कागद धरून बसले होते. कागद उलटा होता. त्यांच्या सहीची यादी क्षितिजाच्या हाताशीच होती. तिनं ती पुढं केली नाही.

“चूक आमच्या ऑफिसची आहे, मावशी,” एवढंच ती म्हणाली. जनार्दनभाऊंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी ते उठले नाहीत.

लग्नात माइकवरून पुकारा झाला, “आमच्या घराची अब्रू राखणारे जनार्दनभाऊ कंपाउंडर यांनी टॉवेल-टोपी घ्यायला पुढं यावं.” लोकांनी वळून पाहिलं. ते गेले, मान वाकवली, टोपी घालून घेतली. पंगत उठल्यावर ते मांडवामागं रत्नाबाईला गाठायला गेले.

“रत्नाबाई, चूक त्या पोरीची नव्हती. माझी व्हती. मी पाकीट न बघताच लिवलं.”

रत्नाबाईनं हातातली परात खाली ठेवली.

“मग मी त्या लेकराला भरल्या ऑफिसात शिव्या घातल्या, तवा तुमी कुटं व्हता?”

“तितंच.”

“बसून?”

“व्हय.”

“तिच्याकडं जावा. आत्ताच्या आत्ता. अन् टोपी हितं ठेवून जावा.”

जनार्दनभाऊंनी टोपी काढली, घडी घालून परातीशेजारी ठेवली. एसटीला अजून तासभर होता. थांब्यावर लोकांत बसवेना, म्हणून ते भूगावच्या दिशेनं चालतच निघाले.