हाड शाबूत आहे

मी घरी ब्लाऊज शिवायचे. आमचे हे मिरजोळ्याला एमआयडीसीत कामाला. सुट्टी असली की त्यांच्या स्कूटरवर मागे बसून मी अस्तराचं कापड आणायला बाजारात जायचे. ऐन आंब्याच्या दिवसांत एका दुपारी, जांभ्या दगडाचे चिरे नेणाऱ्या ट्रकमधून सांडलेल्या लाल भुकटीवर स्कूटर घसरली. यांना जरा खरचटलं. मी उजव्या खांद्यावर आपटले आणि मानेला जोराचा हिसका बसला. उठून बसले तेव्हा उजवा हात मांडीवर नुसता पडून होता. मी त्याला हलायला सांगत होते आणि तो ऐकत नव्हता.

दवाखान्यात खांद्याचा आणि दंडाचा एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले, "हाड शाबूत आहे. तडासुद्धा नाही कुठे. मुका मार आहे, सूज उतरली की हात चालेल."

यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ती फिल्म त्यांनी घरी आणली आणि येईल त्याला खिडकीच्या उजेडात धरून दाखवली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "नशीब गो तुझं!" मलाही तसंच वाटलं. फिल्ममधला तो पांढरा, गुळगुळीत खांदा खरंच चांगला दिसत होता.

आंबे संपले, गणपती येऊन गेले. हात हलला नाही. राजापूरकडचा एक मालिशवाला तेल लावून जायचा आणि दर वेळी म्हणायचा, "फरक पडतोय." दंड मात्र बारीक होत चालला. बोटं आगीत धरल्यासारखी जळायची, आणि वरून चिमटा काढला तर काहीच कळायचं नाही. हे कुणाला सांगितलं तर खोटं वाटायचं.

पुन्हा मोहर आला तेव्हा दुसऱ्या एका डॉक्टरांनी मानेचा आणि खांद्याचा एमआरआय काढायला सांगितलं. तिथली मुलगी मला आत सरकवताना म्हणाली, "काकू, उजवा हात अजिबात हलवू नका हां." मी बरं म्हटलं. आत यंत्र धाडधाड वाजत होतं आणि मी रडत होते. पुसायलाही येईना.

डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं, "मानेतून हाताकडे येणाऱ्या नसा मणक्यापासूनच उपटल्या गेल्यात."

"पण हाड तर शाबूत होतं ना?" यांनी विचारलं. एक्स-रेची फिल्म त्यांनी बरोबर आणली होती.

"हाड शाबूतच आहे. एक्स-रेत नसा दिसत नाहीत."

कोल्हापूरच्या सर्जननी एमआरआय पाहिला, माझा दंड दाबून पाहिला. म्हणाले, "पहिल्या काही महिन्यांत आला असतात तर दुसरीकडची नस जोडून बघितली असती. आता स्नायूच सुकलेत."

परतताना एसटी आंबा घाट उतरली. तेव्हा हे म्हणाले, "मुंबईला एकदा काढूया. तिथली मशिनं मोठी असतात."

मी हो म्हटलं. मला आशा नव्हती, पण त्यांच्या तोंडाकडे बघून नाही म्हणवेना. मुंबईच्या एमआरआयतही तेच निघालं. त्यानंतर त्यांनी हाताचा विषय काढला नाही, आणि स्कूटरही कुणाला तरी देऊन टाकली.

शिलाई मशीन भावजयीकडे गेलं. डाव्या हाताने मी भात कालवते, केस मात्र हे विंचरून देतात. परवा आमटीचं पातेलं उतरवताना उजवा हात गळ्यात अडकवलेल्या झोळीतून निसटून गरम कडेला टेकला. मला काही समजलंच नाही. फोड आलेले यांनी पाहिले.

"अहो, दुखत नाहीय मला," मी म्हटलं.

ते मलम लावत राहिले. त्यांची बोटं फोडांभोवती हळूहळू फिरताना दिसत होती. माझ्या हाताला मात्र त्यातलं काहीच कळत नव्हतं.