न्हाणीमागचा चिखल

आमच्या पडवीच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने लिहिलेल्या तिथ्या होत्या. एकीखाली एक, वडिलांच्या बारीक अक्षरात. चैत्र शुद्ध नवमी. चैत्र वद्य तृतीया. एका वर्षी फाल्गुन अमावास्या, आणि तिच्यापुढे ‘लवकर’ एवढा एकच शब्द. पाकोळ्या आल्याच्या या तिथ्या. पुस्तकात त्या पक्ष्याला भिंगरी म्हणतात हे मला पुढे वाचनात कळलं, पण घरात तो शब्द कधी रुजला नाही.

मुलुंडमध्ये आमचं घर डोंगराच्या बाजूला होतं. मी शाळेत होते तेव्हा, साठ सालच्या आसपास, आमच्या मागच्या कुंपणापासून भाताची शेतं सुरू व्हायची. आळीतल्या बहुतेक घरांच्या पडवीत, नाहीतर गोठ्यात, पाकोळ्यांचं एखादं तरी घरटं असायचं. आमचं पडवीच्या माळ्याला खालून चिकटलेलं होतं. आडव्या ठेवलेल्या मडक्यासारखं, तोंडाशी मातीची आखूड नळी. पावसाळा संपला की जोडी निघून जायची. कुठे, ते कोणालाच सांगता येत नसे. मधल्या महिन्यांत नळी झडायची, पोटाला भगदाड पडायचं. चैत्रात परत आल्यावर दोघं आठ-दहा दिवस त्याचीच डागडुजी करत.

डागडुजीला ओली माती लागते आणि चैत्रात आमच्याकडे सगळी जमीन तडकलेली. ओल फक्त न्हाणीच्या मागे. आंघोळीचं पाणी तिथल्या अळवात आणि दोन केळींत सोडलेलं होतं, तिथे बारा महिने चिखल असायचा. वडील कचेरीतून आले की कपडे बदलायच्या आधी विहिरीचं पाणी काढून त्या चिखलात ओतायचे. आई मालवणकडची. ती ओट्यावरून ऐकवायची, “घरात पाणी भरूचो कंटाळो, आणि पाखरांका दोन कळश्यो.” वडील म्हणायचे, “त्यांचं बांधकाम चाललंय. तुझं झालंय बांधून.”

पाकोळ्या कमी कधी झाल्या, ते आळीत कोणाच्या लक्षात आलं नाही. शेजारच्यांनी कौलं उतरवून स्लॅब घातला. पलीकडचा गोठा गेला. शेतांत भराव पडला आणि त्यावर एका कारखान्याची पत्र्याची शेड आली. यातली प्रत्येक गोष्ट वेगळ्या वर्षी झाली, आणि प्रत्येक वेळी आळीला ती चांगलीच वाटली. एका संध्याकाळी वडील तारांकडे बघत म्हणाले, “आता आपल्याकडेच उरल्यात.” मी पुस्तकातून मान वर केली, ‘हो’ म्हणाले आणि पुन्हा वाचायला लागले. त्यांना आणखी काही बोलायचं होतं का, ते विचारायचं राहिलं.

त्यानंतर दोन वर्षांनी, श्रावणात, ते गेले. भाद्रपदात आई न्हाणीमागच्या त्या चिखलात घसरून पडली आणि तिचं मनगट मोडलं. मी तेव्हा नोकरीला लागले होते. घरात आम्ही दोघीच. प्लॅस्टरमधला तिचा हात उशीवर ठेवून मी दिवसचे दिवस तिला भरवलं, तिची वेणी घातली, आणि मनाशी ठरवलं, की हा चिखल आता ठेवायचा नाही.

दिवाळीनंतर गवंडी बोलावला. अळू उपटलं, केळी तोडल्या, विटांचे तुकडे ठोकून वर सिमेंटचा कोबा केला आणि पाणी पन्हळीने थेट गटारात सोडलं. आई दारात उभी होती.

“अळवाचा काय?” तिने विचारलं.

“अळू बाजारात मिळतं.”

“कोपऱ्यात थोडो चिखल रवांदे.”

गवंडी हसला. “आई, चिखलाचं काय लोणचं घालणार? पुन्हा पडाल, मग मुलगी मलाच बोलेल.”

आई आत गेली. मला वाटलं, जुन्या वस्तूंवर माणसाचा जीव असतो, तसंच हे. कोबा छान झाला होता. दुसऱ्या दिवशी मी त्यावरून अनवाणी चालून पाहिलं.

चैत्रात पाकोळ्या आल्या. सप्तमीला. आईला लिहिता येत नव्हतं. तिने चुलीजवळच्या कोनाड्यातून वडिलांची पेन्सिल आणून माझ्या हातात दिली. त्यांच्या शेवटच्या ओळीखाली मी तिथी लिहिली. वडील गेल्यापासून आईचा चेहरा इतका मोकळा मी पाहिला नव्हता.

दोघं घरट्याच्या फुटक्या कडेला लटकायची, आत डोकवायची आणि बाहेर पडायची. न्हाणीच्या मागे खाली येऊन कोब्यावर उतरायची, क्षणभर बसायची, उडायची. तीच फेरी, दिवसभर. चौथ्या दिवशी मी कचेरीतून आले तर नव्या कोब्यावर मातीचा ढीग, आणि आई डाव्या हाताने त्यावर पाणी शिंपडत होती. उजव्या मनगटात अजून जोर नव्हता. भरावातली माती तिने घमेल्यातून, दोन-तीन खेपा करून आणली होती.

“हे काय केलंस? पुन्हा पडायचंय का तुला?”

ती मान वर न करता म्हणाली, “त्यांका चिखल खय गावतलो गो?”

वडील रोज संध्याकाळी दोन कळश्या कशासाठी ओतत हे मला लहानपणापासून माहीत होतं. कोबा घालताना ते मला आठवलं नाही, एवढंच. भरावातली माती मुरमाड होती, ती पाणी धरेना. हातात घेतली की भुगा व्हायची. पाकोळ्यांनी तिला चोचही लावली नाही. रविवारी मी पहार मागून आणली आणि कोपऱ्यातला कोबा फोडला. हाताला फोड आले. खालची काळी माती उघडी पडली, पाणी सोडलं, संध्याकाळपर्यंत चांगला चिखल झाला. सोमवारी आम्ही वाट पाहिली. पाकोळ्या रविवारीच गेल्या होत्या, बहुधा मी पहार मारत असताना.

“भिरकटल्यो, येतल्यो,” आई म्हणाली.

पुढच्या चैत्रात त्या आल्या नाहीत. चैत्र संपला तेव्हा मी पेन्सिल कोनाड्यात ठेवायला निघाले, तर आईने थांबवलं. चौकटीवर माझ्या ओळीखाली तिने आडवं बोट ठेवलं.

“एवढी जागा सोड,” ती म्हणाली. “फुडल्या वर्साचा त्याच्याखाली लिही.”

त्यानंतरही ती चार वर्षं जगली. रोज संध्याकाळी, मी नको म्हणत असताना, कोब्याच्या फोडलेल्या कोपऱ्यात कळशी ओतायची. तिथे राहिलेल्या कांद्यांतून अळू पुन्हा उगवलं. आम्ही ते खाल्लं. दर चैत्राच्या शेवटी तिने चौकटीवर बोट ठेवलं आणि मी तिथे काही लिहिलं नाही.

कचेरीत कोणी पाकोळ्यांचा विषय काढला, तर मी शेतांचं सांगते, भरावाचं सांगते, कारखान्यांचं सांगते. ते सगळं खरं आहे. आमच्याकडच्या त्या एका जोडीपुरतं मात्र मला वेगळं उत्तर माहीत आहे, आणि ते आईलाही माहीत होतं. तिने मला ते कधी बोलून दाखवलं नाही. या चैत्रात बोट ठेवायला ती नव्हती. मी माझं बोट ठेवून पाहिलं. तिचं माझ्यापेक्षा जाड होतं, म्हणून थोडी जास्त जागा सोडली.