आतली कडी

इनासकाकांबद्दल मी लिहावं हे धाडसच आहे. त्याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, लिहिण्याची सवय नाही. पण एकदा गप्प राहण्यापेक्षाही वाईट वागलो, म्हणून लिहितो.

वसई पूर्वेच्या एका गाळ्यात आमची छोटी कंपनी अवकाशयान बनवत होती. वर जाऊन परत येणारं आणि पुन्हा उडणारं. मी तिथे इंटर्न, जवळच्या गास गावचे इनासकाका वेल्डर. आयुष्यभर त्यांनी पाण्याच्या टाक्या जोडलेल्या. सांधा तपासायची त्यांची एकच रीत: स्वतः आत बसायचं, झाकण लावून घ्यायचं, बाहेरून कोणी दिवा फिरवला की अंधारात उजेडाचा ठिपका शोधायचा. यानाच्या नमुन्यातही ते तसेच बसत. "काका, सेन्सर आहे की!" इंजिनिअर हसायचे. "सेन्सर तुमचा, सांधा माझा," काका म्हणायचे.

एका दुपारी काका आत बसले, मी दार लावलं आणि बाहेरचा खटका अडकला. वीसेक मिनिटं पान्ह्याने झटत होतो. आतून ठोके येत होते, मग तेही थांबले. दार उघडलं तेव्हा काका घामाने निथळत होते. उजवा हात अंगाखाली दबून बधिर झाला होता.

"आतून कडी पाहिजे," ते म्हणाले. "कडी नाही ते दार नव्हे, पेटी."

मीटिंगमध्ये कंपनी चालवणारे सर म्हणाले, "यातून माणूस जाणारच नाही. उगाच वजन वाढवायचं?"

"वर नाही जाणार," काका म्हणाले. "पण परत आलेलं यान पुन्हा उडवायचं, तर दर खेपेला कोणीतरी आत शिरणारच ना?"

सर माझ्याकडे वळले. "खटका खरंच अडकला होता?"

मला तिथेच नोकरी हवी होती. "नाही सर. काका घाबरले असतील."

दुसऱ्या दिवसापासून काका कामावर आले नाहीत.

नोकरी मिळाली. रोज तेच दार, तोच खटका. आत कोणी नसे, तरी लावताना माझा हात थांबायचा. आठ महिन्यांनी मी सरांना खरं काय ते लिहून दिलं. उत्तर आलं नाही. पुढे नवं ड्रॉइंग आलं, त्यात दाराला आतून कडी होती.

मी तसाच गासला गेलो. काका वाडीत केळींना पाणी देत होते. मी माफी मागितली, मग कडीचं सांगितलं. त्यांनी पाण्याची धार पुढच्या केळीकडे वळवली.

"डाव्या हाताने उघडते का?"

मी ड्रॉइंग आठवलं. कडी पार उजव्या कोपऱ्यात होती. डावा हात पोचलाच नसता.

"नाही, काका."

"मग जा, सांग त्यांना," ते म्हणाले. "आणि लिहून नको. तोंडाने सांग."