धनश्रीच्या डेकमधली माणसं

धनश्रीचं लग्न वैशाखात झालं आणि शिरूरच्या रविवारच्या टेबलाभोवतीची एक खुर्ची रिकामी पडली. एसटी डेपोमागच्या गल्लीत पप्पूचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, त्याच्या पोटमाळ्यावर ते टेबल. रविवारी दुपारी पप्पू शटर अर्ध्यावर ओढायचा आणि चौघं वर चढायची: कोरेगाव भीमाच्या कंपनीत शिफ्ट करणारा इंद्रजीत, बाजारपेठेत मेडिकल चालवणारी अक्षदा, स्वतः पप्पू आणि धनश्री. धनश्री कवठे येमाईची, बिरदेव तात्यांची थोरली. आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती; वडिलांनी शेती धरली, आणि ती बीएस्सी होऊन शिरूरच्या एका लॅबमध्ये रक्त तपासायला लागली.

त्यांचा खेळ कार्डांचा, पण रमी किंवा तीन पत्ती नव्हे. 'क्राउनफॉल' त्याचं नाव. कार्डांवर घोडेस्वार, जादूगार, बुरूज, राक्षस. पाकिटं घ्यायची, एकमेकांत अदलाबदल करायची आणि साठ कार्डांचा आपला डेक आपणच रचायचा. समोरच्याचे प्राण जो आधी संपवील तो जिंकला. पैसा लावायचा नाही. हरलेल्यानं खाली जाऊन चहा सांगायचा, एवढंच.

या खेळात निम्मी लढाई टेबलावर बसण्याआधीच झालेली असते. समोरचा कसा खेळतो हे ज्याला ठाऊक, तो आपल्या डेकमध्ये त्याची सोय करून येतो. इंद्रजीतला दम निघायचा नाही. सुरुवातीलाच घोडेस्वार अंगावर सोडायचा. त्याच्यासाठी धनश्रीनं तीन 'चिखलवाटा' ठेवल्या होत्या. चिखल टाकला की घोडे रुतलेच. अक्षदा दुसऱ्याची कार्डं पळवून वापरायची, तिच्यासाठी दोन 'आरसे'. पप्पू शेवटपर्यंत साळसूदपणे बसून एकदम मोठा राक्षस काढायचा, त्याच्यासाठी एक 'बेडी'. कार्डांवरची नावं इंग्रजी, पण या चौघांनी सगळ्यांची मराठीत बारशी उरकली होती.

बघायला आलेल्या सोपानला तिनं पहिल्याच भेटीत सांगून टाकलं, "मी रविवारी कार्ड खेळते."

सोपान दौंडला रेल्वेत असिस्टंट लोको पायलट. त्यानं थोडा विचार केला. "जुगार?"

"नाही."

"मग खेळा की," तो म्हणाला. धनश्रीनं त्याच संध्याकाळी घरी होकार कळवला.

दौंडला आल्यावर कार्डांचा डबा पहिल्यांदा सासूबाईंच्या हाती लागला. बानूबाईंनी तो खिडकीपाशी नेऊन उघडला.

"पत्तं व्हय गं ह्ये?"

"तसले न्हाईत, आत्या."

"मंग कसलं?"

धनश्रीनं समजावून सांगितलं. बानूबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं, त्यातलं काहीएक त्यांना कळलं नाही, पण वळणदार शिंगांच्या मेंढ्याचं एक कार्ड फार आवडलं. त्यांनी ते लोहचुंबकानं फ्रिजच्या दारावर लावलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायला सुरुवात केली. ते डेकच्या साठातलं होतं. धनश्रीनं त्याच्या जागी दुसरं घातलं.

नवऱ्याच्या ओळखीनं दौंडमधल्या एका लॅबमध्ये काम मिळालं. खेळायला कोण आहे का याची चौकशी मात्र तिनं स्वतः केली. गणिताची शिकवणी घेणाऱ्या वैष्णवीच्या क्लासमध्ये रविवारी सात-आठ जण जमतात, असं कळलं. रेल्वेतले दोघंतिघं, कॉलेजची मुलं, एक बँकेतला. धनश्री आपला डेक घेऊन मोठ्या तोऱ्यात गेली. शिरूरला ती चौघांत सर्वांत जास्त जिंकायची.

इथं ती सपाटून हरली. पुढच्या रविवारीही तेच. वैष्णवीची तऱ्हाच निराळी होती. ती अंगावर यायचीच नाही. तुमच्या हातातली कार्डं एकेक करून टाकायला लावायची, आणि हात रिकामा झाला की निवांत मारायची. हातात राहायचं काय, तर चिखलवाट. घोडे नसतील तर चिखल कुणासाठी टाकायचा? आषाढ सरत आला तरी धनश्रीच्या खात्यावर एकही जिंकलेला डाव नव्हता.

एकदा डाव संपल्यावर वैष्णवी कार्डं गोळा करता करता म्हणाली, "एक विचारू का? तुझ्या हातात कायम अशी कार्डं दिसतात, जी इथं कुणालाच लागू पडत नाहीत. इथं घोडे कोण खेळतं?"

"कुणी नाही."

"मग?"

"शिरूरला खेळतात," धनश्री म्हणाली.

वैष्णवीनं तिच्याकडे बघितलं. फळ्यावरचं गणित चुकलेल्या पोरीकडं बघावं तसं नाही, जरा मऊपणानं. "आता तू दौंडला खेळतेस," ती म्हणाली.

घरी येऊन धनश्रीनं साठही कार्डं पलंगावर मांडली. चिखलवाटा बाजूला काढल्या, परत आत ठेवल्या. आरशांवर हात ठेवून बसून राहिली. गेली कितीतरी वर्षं तिनं हा डेक रचला होता तो शिरूरच्या तिघांकडं बघत. इंद्रजीतची घाई, अक्षदाचा लबाडपणा, पप्पूचं ते गप्प बसणं, सगळं त्यात उतरलं होतं. कार्ड काढायचं म्हणजे माणूस काढल्यासारखं वाटत होतं. शेवटी तिनं अक्षदाला फोन लावला.

"मी तुझे आरसे काढू का गं?"

"काढ की. त्यात विचारायचं काय?" अक्षदा हसली. "तुझ्यासाठीची कार्डं आम्ही कधीच काढली. तू गेलीस त्याच्या पुढच्याच रविवारी."

"तिघांनीपण?"

"तिघांनीपण. इंद्रजीतनं तर तुझ्या हळदीच्या दिवशीच काढली होती."

अक्षदानं ते सहज सांगितलं, आणि त्यात चूक काहीच नव्हती. ज्याचा उपयोग नाही ते कार्ड डेकमध्ये ठेवणारा वेडा. धनश्री त्यांच्या जागी असती तर तिनंही तेच केलं असतं. तरी फोन ठेवून तिनं पलंगावरची सगळी कार्डं भराभर डब्यात कोंबली. सोपान ड्युटीवरून आला तो तिचा चेहरा बघून दारातच थबकला.

"काय झालं?"

"शिरूरच्यांनी मला काढलं."

त्याला अर्थ लागला नाही. पण हे विचारायची वेळ नाही एवढं त्याला कळलं. त्यानं बॅग ठेवली आणि चहाचं आधण चढवलं.

रागाच्या भरात धनश्रीनं सहाही कार्डं उपसून टाकली आणि डेक नव्यानं रचायला घेतला. वैष्णवी हात रिकामा करते ना, मग हातातून टाकलं किंवा टेबलावर मारलं तरी उठून उभी राहणारी कार्डं घालायची. असली कार्डं तिच्याकडं पडून होती. शिरूरला त्यांची गरज पडली नाही, म्हणून तिनं कधी वापरली नव्हती. आठवडाभर ती जेवतानाही तेच जुळवत होती. श्रावणातल्या एका रविवारी वैष्णवीनं तिची दोन कार्डं टाकायला लावली, दोन्ही उठून उभी राहिली, आणि वैष्णवी हरली.

पुढच्या रविवारी वैष्णवीचा डेक तीन कार्डांनी बदललेला होता.

"तुझ्यामुळं," ती कुरकुरली. "चांगला बसलेला डेक मोडायला लावलास."

त्या दिवशी धनश्री हरली, आणि घरी जाताना बाजारातून बानूबाईंसाठी बर्फी घेऊन गेली. बानूबाईंनी विचारलं, "जिकलीस व्हय?" तर म्हणाली, "न्हाई आत्या, त्यांनी माझ्यासाठी डेक बदलला." बानूबाईंनी बर्फी खाल्ली आणि जास्त खोलात गेल्या नाहीत.

दिवाळीत ती माहेरी आली. भाऊबीज झाल्यावरच्या रविवारी कुणाला न कळवता शिरूरला गेली आणि पोटमाळ्याची शिडी चढली. तिघांनी एकच गलका केला. खुर्चीवरचे खोके उतरवून तिला जागा केली. आणि तिनं तिघांनाही ओळीनं हरवलं. इंद्रजीतचे घोडे सुटले ते सुटले, पण त्यांनी मारलेलं काही मेलेलं राहीना.

"आयला, ह्ये काय?" इंद्रजीत म्हणाला. "ह्यो तुझा डेकच न्हाई."

"दौंडचा हाय."

"सांगून यायचं व्हतंस," पप्पू म्हणाला. "तुझी कार्डं घालून बसलो असतो."

"कुठली माझी? ती तर तुम्ही काढली ना?" इतके दिवस दाबून ठेवलेलं एकदम बाहेर आलं, आणि तिचं तिलाच ओशाळं वाटलं.

पप्पूनं सुट्या भागांचा खण ओढला. बॅटऱ्यांच्या खालून रबर लावलेला एक छोटा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. "काढली, टाकली न्हाईत. नगरचा एक जण अदलाबदलीला मागत व्हता, त्यालाबी दिली न्हाईत. तू येशील तवा काय करायचं मग?"

तिघांनी गठ्ठ्यातली आपापली कार्डं वाटून घेतली, डेकमध्ये घातली आणि दुसऱ्या फेरीला बसले. ती कार्डं जुन्या धनश्रीसाठी होती, तरी या वेळी पप्पू आणि अक्षदानं तिला हरवलं. इंद्रजीत परत हरला. चहा धनश्रीनं सांगितला, आणि अंधार पडायच्या आत कवठ्याची गाडी धरली.

पौषात शिरूर आणि दौंड एकमेकांना भेटले, ते तिच्याच खटपटीनं. कुणी कुणाकडं यायचं यावरून पप्पू आणि वैष्णवीची फोनवर बरीच ओढाताण झाली. शेवटी मधलं न्हावरे ठरलं. पौषात लग्नं नसतात, तिथलं मंगल कार्यालय रिकामं होतं, आणि त्याचा मालक बानूबाईंच्या भावकीतला. पत्त्यांना हॉल देत नाही म्हणाला. तेव्हा बानूबाई स्वतः गाडीत बसून आल्या.

"माझी सून खेळती," त्यांनी त्याला सुनावलं. "वंगाळ असतं तर म्या आली असती व्हय?"

जेवणाची लांब टेबलं पुसून त्यावर डाव लागले. धनश्रीला आदल्या रात्रीपर्यंत सुचत नव्हतं, तयारी कुणाविरुद्ध करायची. इकडून घोडे येणार, तिकडून हात रिकामा करणारी. तिनं दोघांची थोडी थोडी सोय केली, त्यामुळं धड कुणाचीच झाली नाही. सुरुवातीचे दोन्ही सामने हरून ती स्पर्धेतून बाहेर पडली.

मग इंद्रजीत आणि वैष्णवी समोरासमोर आले. सगळा हॉल त्या टेबलाभोवती गोळा झाला. बसण्याआधी इंद्रजीत धनश्रीला भिंतीपाशी घेऊन गेला. "ही बाई कशी खेळती, जरा सांग की." थोड्या वेळानं पाणी प्यायला म्हणून वैष्णवी आली. "तुझा हा मित्र पहिल्यांदा काय काढतो?"

धनश्रीनं दोघांनाही काही सांगितलं नाही. ती बानूबाईंशेजारी जाऊन बसली.

तीन डावांतला पहिला इंद्रजीतच्या घोड्यांनी बघता बघता मारला. पुढचे दोन वैष्णवीनं घेतले, सावकाश, एकेक कार्ड सोलून काढत. शेवटी इंद्रजीतचा हात रिकामा झाला तेव्हा तो रिकाम्या बोटांकडं बघून हसायला लागला.

"दोघं तुझीच का गं?" बानूबाईंनी हळूच विचारलं.

"हां, आत्या."

"मग तू कुनाकडनं हायस?"

बानूबाई उत्तरासाठी थांबल्या नाहीत. त्या स्वयंपाकघरात चहाचं बघायला उठल्या.

निघताना इंद्रजीत वैष्णवीला तिच्या क्लासचा पत्ता विचारत होता. माघात एका रविवारी, शिफ्ट बदलून घेऊन, तो खरंच दौंडला आला. सकाळभर तिथल्या सगळ्यांशी खेळला, सगळ्यांकडून हरला, आणि दुपारी धनश्रीच्या घरी बाजरीची भाकरी खाताना, ती वैष्णवी पुढच्या वेळी काय काढील, हेच बोलत राहिला.