पेशंटबाईंचे मिस्टर

जाड माणसाशी बोलावं कसं, हे डॉक्टरांना शिकवावं लागतं. हसू नका, शिकवल्याशिवाय ते येत नाही. माणूस कान दुखतो म्हणून जातो आणि डॉक्टर सांगतात, वजन कमी करा. हातच्या कांकणाला आरसा कशाला? ज्याचं वजन त्याला ते ठाऊक असतंच.

या शिकवणीला एक खोटा पेशंट लागे, आणि ते काम करत पेशंटबाई. नोकरीतून निवृत्त, एकट्या आणि अंगाने चांगल्या भारदस्त. भाचीने काम मिळवून दिलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "चला, जन्मभर जे झाकत आले, ते कुठेतरी उपयोगी पडलं."

एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीशी बघत बसलेले बाकीचे डॉक्टर. बाईंना एक आयुष्य नेमून दिलेलं होतं. मिस्टर, दोन मुलं, ताटातलं उरलेलं टाकवत नाही म्हणून आईच्या पोटात जातं, असं. डॉक्टरांनी आधी विचारायचं, "वजनाविषयी बोललं तर चालेल का?" आणि मग गप्प बसून ऐकायचं. गप्प बसणं त्यांना भारी जड जाई. बाई मात्र रंगात येत. मिस्टरांचं घोरणं, धाकट्याचे नखरे, हे सगळं त्यांनी पदरचं घातलेलं. "ते म्हणतात, तू आहेस तशीच बरी आहेस," हे सांगताना तर त्या चक्क लाजत.

खरं घर निराळं होतं. आई होती तोवर दोन ताटं मांडली जात. आई गेली आणि संध्याकाळ झाली की घर खायला उठू लागलं. मग बाई ओट्याशी उभ्या राहून डब्यातूनच खात सुटत, भूक नसली तरी. हे एकदा कुणापाशी तरी बोलावं, असं त्यांना फार वाटे. पण विचारतंय कोण?

गुडघ्याने अगदीच दगा दिला तेव्हा त्या घराजवळच्या दवाखान्यात गेल्या. तिथली डॉक्टरीण नवी होती. ती दुसरीकडे शिकून आलेली, बाईंना ओळखत नव्हती. विचारलंच हिने, तर सगळं सांगायचं, असं बाईंनी बाहेरच्या बाकावर बसल्या बसल्या ठरवलं.

गुडघा तपासून झाल्यावर डॉक्टरणीने पेन खाली ठेवलं. "वजनाविषयी थोडं बोललं तर चालेल का, काकू?"

बाईंनी पदर सावरला. "चालेल."

"संध्याकाळी जेवायला घरी कोण कोण असतं?"

आणि ती खरंच गप्प बसली.

"मिस्टर असतात," बाई म्हणाल्या. "दोन मुलं."

तोंडातून निघून गेलं. सवयच ती. डॉक्टरीण अजून थांबलेली होती, शब्द मागे घेता आला असता. पण असलेला नवरा एका दमात नसलेला कसा करायचा? वेडी म्हणेल पोरगी. बाई नेहमीच्या वाटेने पुढे गेल्या. उरलेलं टाकवत नाही हो, धाकटा तर भाजीला शिवत नाही. डॉक्टरीण मान डोलवत होती, मनापासून. आजवर इतकं नीट त्यांचं कुणी ऐकलं नव्हतं.

"मिस्टरांबरोबर संध्याकाळी फिरायला जात जा," ती म्हणाली. "आणि पुढच्या वेळी त्यांनाही घेऊन या ना."

"नाही यायचे हो ते," बाई म्हणाल्या. तेवढं एकच खरं बोलल्या.