शांत लॅब न चालणाऱ्या सुर्वे मॅडम

सुर्वे मॅडम गेल्या आज पहाटे.

लॅबमध्ये शांतता दिसली की चिडणारी दुसरी शिक्षिका मी पाहिली नाही.
"मयताला बसलायत का रे? बोला एकमेकांशी!"

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला त्या आम्हाला प्रोग्रामिंग शिकवायच्या. दोघांत एक कॉम्प्युटर. आणि नियम असला भन्नाट की तुमच्या कोडची व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, तुमचा पार्टनर देणार. मार्क दोघांना सारखे.

माझा पार्टनर गिरीजचा सावियो. वर्गात पहिला.
"मॅडम, हे अनफेअर आहे!"
"नोकरीत काय एकटाच बसून सगळं सॉफ्टवेअर लिहिणारेस?"

त्याचं बरोबरच होतं म्हणा. मी वर्गात तोंडच उघडत नव्हते. मी जूचंद्र गावची, घरी सगळे गावच्या बोलीत बोलणारे. पहिल्याच आठवड्यात उत्तर देताना 'कोण'ऐवजी 'कोन' म्हणाले आणि मागचे बाक खदाखदा हसले. त्या दिवसापासून मी गप्प. आईला सांगूनही टाकलं होतं, हे सेमिस्टर झालं की कॉलेज सोडते, सातिवलीच्या कारखान्यांत पॅकिंगचं काम बघते.

मग व्हायवा आली. विषय रिकर्शन, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच परत बोलवायचं. सावियोने इंग्रजीत समजावलेलं, मी मान डोलावलेली.

"कळलंय?"
"हो मॅडम."
"मग सांग."

डोळ्यांत पाणी.

"इंग्रजी राहू दे गं. आईशी बोलतेस तसं सांग."

काय अंगात आलं कोण जाणे, सुटलेच मी.
"लग्नाची पंगत बसलीय. माझे म्होरं किती मानसं ते मना दिसत नाय. मी म्होरल्याला इचारनार, तो त्याचे म्होरल्याला. शेवटचा बोलनार, माझे म्होरं कोन नाय. मंग एकेक वाढवत आकडा मागं येनार."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं.
"हसणाऱ्याने उभं राहून हेच इंग्रजीत सांगावं."


मॅडमनी फळ्यावर लिहिलं, 'बेस केस = कोन नाय'. बेस केस म्हणजे फंक्शन स्वतःला बोलवणं जिथे थांबवतं ती जागा.

सावियो हळूच म्हणाला, "आयला, माझं नुसतं पाठ होतं. कळलं आत्ता."

त्यानंतर अख्खी बॅच बेस केसला 'कोन नाय'च म्हणायची. आणि रिकर्शन अडलं की माझ्या बाकाशी गर्दी! मी, जिला पळून जायचं होतं, ती लॅब बंद होईपर्यंत बडबडत बसायचे.

सेमिस्टर संपल्यावर पेढे घेऊन गेले. म्हटलं, "मॅडम, तुम्हाला सांगितलं नाही कधी, मी कॉलेज सोडणार होते."

त्यांनी पेढा तोंडात टाकला.
"माहीत होतं. गप्प झालेली मुलंच सोडून जातात गं. म्हणून तर ओरडत असते."

खूप रडू येतंय मॅडम.

तुमच्या सगळ्या बडबड्या मुलांकडून तुम्हाला शेवटचा नमस्कार.